दुखण्याचं पंचांग

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं ते दिसणारच आहे, मग लपवून काय उपयोग. मिरजेत मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायची. माहेर साताऱ्याकडचं, उंब्रजचं. सतारमेकर गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन एकटी राहायची आणि खाली लियाकतभाईंचं तंबोऱ्यांचं दुकान होतं. दिवसभर तारा जुळवायचं काम चालायचं, त्यामुळं माझं वह्या तपासणंही सुरात व्हायचं. लियाकतभाईंची बायको अख्तरबी गावातल्या एका मोठ्या दवाखान्यात आया होती, पुरुषांच्या वॉर्डात. हे लचांड तिनंच माझ्या गळ्यात घातलं आणि तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

साल चौऱ्याहत्तर. मार्चातल्या एका रविवारी ती एका उंच, किडकिडीत मुलाला घेऊन जिना चढून आली. म्हणाली, ह्याला बोलायला शिकवा, न्हाईतर हे पोरगं परत जातंय. मुलाचं नाव सेल्वराजन, सगळे राजन म्हणायचे. मलेशियातल्या इपोह गावचा, घरी तमिळ बोलणारा, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. लेखी पेपर त्यानं झोपेत लिहिले असते. पण शेवटच्या परीक्षेत एक खरा रोगी समोर बसवतात, त्याला त्याच्या भाषेत दुखणं विचारायचं आणि रोग ओळखायचा. तिथं हा एकदा नापास झाला होता. आता दुसऱ्यांदा झाला तर त्याच्या सरकारची शिष्यवृत्ती बंद, आणि डॉक्टर न होताच घर गाठायचं. वडील रबराच्या मळ्यात झाडांना चिरा पाडायचे आणि अख्ख्या मळ्याला ठाऊक होतं की ह्यांचा मुलगा डॉक्टर व्हायला गेलाय. हे त्यानं मला खाली बघत सांगितलं.

मी म्हटलं, बोल बघू मराठीत काहीतरी. तो ताठ बसला आणि म्हणाला, "आपणांस क्षुधामांद्य जाणवते काय? मलावरोधाचा पूर्वेतिहास आहे काय?"

मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. मग कळलं की त्याच्या हातातलं ते जाडजूड पुस्तक रोग्यांशी कसं बोलावं याचंच होतं. कुणा विद्वानानं इंग्रजीवरून मराठीत आणलं होतं आणि ह्यानं ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ केलं होतं. मागच्या परीक्षेत जतकडच्या एका म्हाताऱ्यापुढं त्यानं हेच सुरू केलं. म्हाताऱ्याला वाटलं कोर्टाची नोटीस वाचून दाखवतायत. तो हात जोडून उभा राहिला आणि मग अंगठा पुढं करून म्हणाला, कुठं उठवायचा ते सांगा. त्याला खाली बसवण्यात निम्मा वेळ गेला आणि परीक्षा तिथंच बुडाली.

हसून झालं आणि मग मला राग आला. मुलाचा नाही, पुस्तकाचा. पाच वर्षं हा मिरजेत राहतो, चहा मागतो, दाढी करून घेतो, आणि ह्याच्या हातात दिलंय काय, तर क्षुधामांद्य. मी लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून खोडायला लागले.

त्याच्या विभागाचे प्रमुख डॉ. दाबके म्हणून होते. त्यांची परवानगी घ्यायला मी गेले, कारण पुस्तक कॉलेजचं होतं. ते म्हणाले, सोपं करा, पण शास्त्राला धक्का लावू नका. मी बरं म्हणून आले आणि धक्क्यावर धक्के दिले. चारशे पानांची चाळीस केली. 'क्षुधामांद्य' गेलं, 'अन्नावरची वासना उडालीया का' आलं. 'शिरोवेदना' गेली, 'डोस्कं भणभणतंय' आलं. आणि पहिला धडा मी पूर्ण नवा लिहिला. त्यात दुखण्याचं नावच नव्हतं. गाव कुठलं, पाऊसपाणी काय म्हणतंय, घरी कोण कोण असतं, जनावरं किती, बैलांची नावं काय. बस, एवढंच. आमच्याकडचा माणूस आल्या आल्या दुखणं सांगत नाही, त्याला लाज वाटते. आधी गावाकडचं बोलायचं, मग तो हळूच पोटाला हात लावतो.

डॉ. दाबक्यांनी तो धडा वाचून चष्मा काढला. परीक्षेत रोग्याबरोबर पाऊण तास मिळतो, त्यात बैलांची नावं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, डॉक्टर, बैलांची नावं तुम्ही विचारत नाही म्हणूनच तुम्हाला कुणी काही सांगत नाही. त्यांनी चष्मा परत घातला. पण नंतर वॉर्डात विद्यार्थ्यांना म्हणाले म्हणे, त्या उंब्रजच्या बाई जनावरांचा दवाखाना काढणार आहेत. अख्तरबीनं येऊन हे सांगितलं तेव्हा मी तीन दिवस धुमसत होते.

शिकवणी सुरू झाली आणि गल्लीला वेड लागलं. राजनला सराव पाहिजे म्हणून रोगी पाहिजेत, आणि रोगी व्हायला कोण नाही म्हणतंय? संध्याकाळी माझ्या जिन्यावर रांग लागायची. लियाकतभाई ठार बहिरे व्हायचे. अख्तरबीनं वॉर्डात वीस वर्षं दुखणी बघितलेली, ती अशी कण्हायची की शेजारची माणसं धावत यायची. दुखण्याचे शब्द तर तिनंच शिकवले. चमक म्हणजे काय, तर बोलता बोलता तिनं राजनच्या दंडाला कचकन चिमटा काढला. ठणक म्हणजे काय, तर लियाकतभाईंनी लाकडी हातोडी घेऊन त्याच्या कानाशी टेबलावर एका लयीत ठोकली. आग पडणं समजावं म्हणून त्याला लसणाच्या चटणीचा गोळा खायला घातला. त्या संध्याकाळी मुरडा म्हणजे काय हे त्याला न शिकवताच समजलं.

मग अडचण निघाली ती दिवसांची. 'कवापासनं दुखतंय' हा प्रश्न राजन झकास विचारायचा, पण उत्तर यायचं, पालच्या जत्रंपासनं. नाहीतर शाळू काढल्यापासनं, नाहीतर थोरलीचं लगीन झाल्यापासनं. आमच्याकडं तारीख, महिना कोण सांगतंय? आणि किती दिवस दुखतंय यावरच म्हणे निम्मा रोग ओळखतात. म्हणून मी शाळेतला एक फाटका नकाशा आणला, त्याच्या पाठीवर बारा महिने आखले आणि भिंतीवर ठोकला. राजननं त्याला नाव दिलं, दुखण्याचं पंचांग.

काय सांगू, त्या पंचांगापायी गल्लीत भांडणं लागली. ज्याला त्याला आपल्या गावची जत्रा त्यात पाहिजे. खरसुंडी आली, म्हसवड आलं, शिराळ्याची नागपंचमी आली, मिरजेचा उरूस आला. लियाकतभाई म्हणाले, आमचे सण दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतात, त्याचं काय करणार? मग मोहरम आणि ईद वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून टाचणीनं लावल्या, म्हणजे सरकवता येतील. पेरणी, खुरपणी, सुगी, ऊस तोडायला टोळ्या येतात ते दिवस, सगळं लिहिलं. राजन रोज सकाळी चहा पीत पीत ते पाठ करायचा. पुढं तर कुणी त्याला वाढदिवस विचारला की तो म्हणायचा, शाळू हुरड्यात येतो तवा.

बेंदूर मात्र मी कुणाला विचारला नाही. बैलांचा सण, शेतकऱ्याच्या घरात मी वाढलेली, बेंदूर मला शिकवणार कोण? आषाढातल्या पौर्णिमेला ठळक अक्षरात लिहून टाकला. दारावर ताक विकायला बनुबाई यायची, जत तालुक्यातली, नवऱ्यामागं मिरजेला राहिलेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून एके सकाळी राजन तिला पंचांग वाचून दाखवत होता. बेंदूर आला तशी ती म्हणाली, "बाई, ह्यो बेंदूर कवाचा लावलाय तुमी?"

मला शाळेची घाई होती. मी म्हटलं, "बनुबाई, तुम्ही ताक मापा. बेंदूर मला शिकवू नका."

तिनं ताक मापलं. त्या दिवशी मापात जरा कमीच दिलं.

मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. आमचं जंक्शन गप्प पडलं, परीक्षा पुढं ढकलल्या, आणि आम्हाला दोन महिने फुकट मिळाले. राजन आता गल्लीत हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाऊसपाणी विचारायचा आणि ते त्याला सोडायचे नाहीत. जुलैची अठरा तारीख ठरली. आदल्या दिवशी त्यानं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला आणि मी त्याला ओरडले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अठरा तारखेला मी शाळेत रजा टाकली. राजन सकाळीच गेला. मी पंचांगासमोर चहा घेऊन बसले होते, तेवढ्यात बनुबाई आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, मागं जूनमध्ये तुम्ही चार दिवस आला नव्हता, कुठं होता? ती म्हणाली, गावाकडं, बेंदराला.

मी म्हटलं, बेंदूर तर आत्ता पंधरा दिवसांपूर्वी झाला.

"त्यो तुमचा, आवं," बनुबाई म्हणाली. "आमचा कानडी बेंदूर. जेठात येतो, मिरगाच्या आदी. त्या दिशी तेच सांगत हुते, तर तुमी ताक मापा म्हनला."

माझ्या हातातला चहा पंचांगावर सांडला. एक अख्खा महिना चूक! आणि वॉर्डात निम्मी माणसं जतची. मी चपला न घालताच जिना उतरले. लियाकतभाई तंबोऱ्याचे दोन भोपळे सायकलला बांधून कुठंतरी निघाले होते. मी म्हटलं, दवाखान्यात सोडा, आत्ताच्या आत्ता. त्यांनी एक भोपळा सोडून माझ्या हातात दिला, तो मांडीवर घेऊन मी मागं कॅरिअरवर बसले आणि निघालो. वाटेत माझ्या शाळेच्या हेडबाई टांग्यातून जाताना दिसल्या. त्यांनी मला बघितलं, भोपळ्याला बघितलं आणि तोंड फिरवलं. मला त्याही परिस्थितीत हसू आवरेना.

फाटकावरचा शिपाई आत सोडेना. लियाकतभाईंनी त्याला भोपळ्याविषयी काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मी भोपळ्यासकट मागच्या बाजूनं वॉर्डाच्या व्हरांड्यात शिरले. तिथं अख्तरबी पाण्याची बादली घेऊन उभी. मी तिचा हात धरला, सगळं सांगितलं आणि म्हटलं, आत जा आणि राजनच्या कानात एवढंच सांग की बेंदूर दोन असतात.

अख्तरबीनं बादली खाली ठेवली. म्हणाली, "बाई, शाळेत पोरी कापी करतात तवा तुमी काय करता?"

मी तिचा हात सोडला. हात धरून वर्गाबाहेर काढते, हे तिला माहीत होतं. तिनं मला एका खिडकीखाली बसवलं आणि म्हणाली, ऐका, पण तोंडातनं शब्द काढू नका. खिडकीच्या आतच राजनच्या रोग्याची खाट होती. पाऊण तासातला बराचसा वेळ गेलेला. आत आवाज येत होता तो बैलांचा. रोग्याचं नाव बिराप्पा, गाव जतच्या पलीकडं, आणि त्याच्या बैलांची नावं हरण्या आणि सोन्या. सोन्या मारका होता. हरण्याच्या डाव्या शिंगाला भेग पडली होती. राजन सगळं विचारत होता आणि बिराप्पा खोकत खोकत पण मजेत सांगत होता.

मग राजन म्हणाला, "मामा, ताप कवापासनं येतोय?"

"बेंदरापासनं," बिराप्पा म्हणाला.

मी डोळे मिटले. कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. पंधरा दिवस लिहिलं असणार त्यानं, माझ्याच पंचांगातून. पंधरा दिवसांचा ताप म्हणजे एक रोग आणि दीड महिन्याचा म्हणजे दुसरा, एवढं तर सरावात मलाही कळायला लागलं होतं. इपोहच्या त्या मळ्यातल्या माणसांना आता काय सांगायचं, हे माझ्या डोक्यात येऊन गेलं. मी भोपळ्याला गच्च धरून बसले. चूक माझी, माझ्या तोंडाची, आणि शिक्षा त्या पोराला.

पण राजन उठला नाही. मीच शिकवलं होतं की दुखणं विचारून झालं तरी लगेच उठायचं नाही, माणसाला वाईट वाटतं. त्यानं विचारलं, औंदा बेंदूर झकास झाला का? बिराप्पा खुलला. शिंगं रंगवली, पोळ्या खाऊ घातल्या, बैल पळवले. मग दोन-तीन दिवसांनी मिरगाचा पाऊस पडला आणि ह्याच बैलांवर बाजरी पेरली. ताप होता तरी पेरली. आता बाजरी खुरपायला आली आणि आपण इथं खाटंवर.

पेन्सिल थांबली. मग राजन हळू म्हणाला, "मामा, आधी बेंदूर आणि मग पेरणी?"

"व्हय."

"आमच्या बाईंच्या पंचांगात आधी पेरणी हाय."

बिराप्पा हसला. म्हणाला, "तुमच्या बाई वरल्या अंगाच्या, साताऱ्याकडच्या असत्याल. त्यांचा बेंदूर मागनं येतो. आमचा कानडी."

मी तोंडावर हात दाबला तरी माझ्या तोंडून बारीक चीत्कार निघालाच. अख्तरबीनं लगेच बादली दाणकन आपटली आणि जोरात खोकली.

पुढचं मला अख्तरबीनंच सांगितलं, कारण तिनं मला तिथून हुसकलं. परीक्षक मुंबईचे होते. राजननं सांगितलं, ताप दीड महिन्याचा आहे, संध्याकाळी चढतो, खोकला आहे, वजन उतरलंय, हा क्षय असावा, थुंकी आणि छातीचा फोटो बघायला पाहिजे. परीक्षकांनी वॉर्डातला कागद उलटून दाखवला. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, ताप पंधरा दिवस, टायफॉईडचा संशय. लिहिणारा डॉक्टर कऱ्हाडकडचा होता, त्यानंही आपलाच बेंदूर धरलेला. परीक्षक म्हणाले, मराठी डॉक्टरला मराठी कळत नाही आणि तुम्हाला कळतं? राजन म्हणाला, तुम्हीच विचारा. परीक्षक उठून बिराप्पाकडं गेले आणि आजार केव्हापासून आहे असं विचारलं. बिराप्पानं त्यांच्याकडं बघितलं, राजनकडं बघितलं आणि म्हणाला, त्या पोराला सगळं सांगिटलंय, त्याला हरण्याचं शिंगसुदीक म्हाईत हाय.

डॉ. दाबके शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणे बराच वेळ पुसला.

संध्याकाळी राजन गल्लीत आला तेव्हा सगळे जिन्यावर बसले होते. थुंकीचा तपास दुपारीच झाला होता, क्षयच निघाला. बिराप्पाचं औषध त्याच दिवसापासून बदललं. निकाल लागायला वेळ होता, पण राजनच्या तोंडावर तो आधीच लागलेला दिसत होता. अख्तरबीनं शिरा केला होता, तो त्यानं बाजूला ठेवला. सरळ वर येऊन पंचांगासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमचं पंचांग चुकलंय."

तीस वर्षांच्या आयुष्यात मला असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं आणि म्हटलं असतं तर त्याची खैर नव्हती. मी त्याच्या हातात पेन दिलं नाही. खाली हाक मारून बनुबाईला बोलावलं. सगळ्या गल्लीदेखत स्वतःचे दोन्ही कान धरले आणि विचारलं, "बनुबाई, बेंदूर कवाचा लावू?"

तिनं पदरानं हात पुसले, चहाचा डाग पडलेल्या त्या नकाशाकडं नीट बघितलं आणि राजन एकेक महिना वाचत गेला तसं जेठावर बोट ठेवलं. मी तिथं लिहिलं. मग ती म्हणाली, तुमचाबी ऱ्हाऊ द्या, खोडू नका.

राजन पास झाला. पुढचं वर्षभर तो शिकाऊ डॉक्टर म्हणून त्याच दवाखान्यात राहिला. डॉ. दाबक्यांनी पंचांगाची नक्कल काढून वॉर्डात लावली आणि माझा पहिला धडा सगळ्यांना सक्तीचा केला. बिराप्पा दिवाळीला औषधं बांधून घेऊन घरी गेला. जाताना फाटकावर चौकशी करत होता, बैलांची नावं विचारणारा डॉक्टर कुठं भेटंल? भेटल्यावर म्हणाला, बेंदराला या, गल्लीसकट या.

पुढच्या जेठात आम्ही अकराजण एसटीनं गेलो. लियाकतभाई, अख्तरबी, बनुबाई, राजन, सगळे. बिराप्पाच्या अंगावर मांस चढलं होतं. हरण्याचं भेगाळलेलं शिंग राजननं स्वतः रंगवलं आणि सोन्यानं त्याला गोठ्याबाहेर पळवलं. जेवताना मी बिराप्पाला म्हटलं, आता महिन्यानं तुम्ही आमच्या उंब्रजला या. तो खरंच आला, बायकोमुलांसकट. त्याच्या पुढच्या आठवड्यात राजन इपोहला निघाला, डॉक्टर होऊन. त्या वर्षी आम्ही दोन बेंदूर जेवलो.